दिवसाला फक्त दोनशे किलोमीटर

जपानमधल्या गाईडेड मोटरसायकल टूरचा कार्यक्रम हातात पडला की आपल्याकडच्या रायडरची पहिली तक्रार ठरलेली असते: "दिवसाला १८०-२०० किलोमीटर? एवढं तर पुण्याहून महाबळेश्वरला नाश्ता करून परत येण्यात होतं!" क्यूशू बेटाच्या आठ दिवसांच्या फेरीत आमच्याही गटात पहिल्या रात्री हीच कुरकुर झाली. माझं मत आता उलटं आहे. कार्यक्रमात रोजचा आकडा २५०च्या वर दिसला तर ती टूर घेऊ नका. का, ते समजायला बेप्पू ते कुरोकावा हा एकच दिवस पुरे.

आधी हिशेब. पाटी नसेल तिथे मधली रेघ आखलेल्या साध्या रस्त्यावर कमाल वेग ताशी ६०. डोंगरात पाटी बहुतेक असतेच, आणि ती ४०ची किंवा ५०ची. मधली रेघ पिवळी असेल तर ती ओलांडून पुढच्या वाहनाला मागे टाकता येत नाही. पुढे शेतावरचा छोटा ट्रक असला की त्याच्या मागे निमूट चालायचं. गावांतले सिग्नल धरून सरासरी ताशी ४० पडते. म्हणजे २०० किलोमीटरला ५ तास नुसती चाकं फिरतात. जेवणाचा १ तास, पाय मोकळे करायला आणि पेट्रोलला पाऊण तास, बघण्यासारखं बघायला सव्वा तास. सकाळी साडेआठला निघालात तर मुक्कामी साडेचार. ऑक्टोबरअखेर तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी खाणावळ-मुक्कामात, रात्रीचं जेवण सहा किंवा साडेसहाला मांडलेलं असतं. त्याआधी गरम झऱ्यात स्नान करायचं. आपण उशिरा पोहोचलो तर स्वयंपाकघर खोळंबतं. तिथे "दोन घास नंतर गरम करून द्या" चालत नाही.

यात कोणाचं अडलं तर ते शाकाहाऱ्यांचं. वाटेतल्या आसो या ज्वालामुखीच्या भागाची ओळख असलेलं दागोजिरू, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शात शिजवलेले कणकेचे चपटे तुकडे आणि भाज्या, पाहिलं की आपली वरणफळंच आठवतात. पण रश्शाचा पाया बहुधा वाळवलेल्या माशाचा, आणि पुष्कळदा त्यात मांसही. मासा चालत नाही हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. ऱ्योकानचा बेत आधी ठरलेला असतो, संध्याकाळी सांगून फक्त भात आणि लोणचं मिळतं.

बेप्पूतून प्रीफेक्चरचा, म्हणजे तिथल्या प्रांताचा, ११ क्रमांकाचा रस्ता धरला की युफू डोंगराला वळसा घालून युफुइन लागतं. त्यापुढे यामानामी हायवे. १९६४ साली टोलचा रस्ता म्हणून सुरू झाला, १९९४पासून फुकट आहे. नावात हायवे असलं तरी ही दुपदरी घाटवाटच. चोजाबारूच्या पाणथळीपाशी थांबा. हा भाग २००५ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेला. मग माकिनोतो खिंड, १,३३० मीटर. खाली स्वेटर पुरतो, खिंडीत बोटं आखडतात. उन्हाळी हातमोज्यांवर आलेल्यांचे क्लच उशिरा सुटत होते, आणि चढावरच्या वळणात ते फार वाईट.

या रस्त्यावर चुका कुठे होतात ते सांगतो. काही घाटांत डांबरात प्रवासाच्या दिशेनेच उभ्या खाचा पाडलेल्या असतात, पाणी वाहून जावं म्हणून. त्यांवर पुढचं चाक आपोआप डुलतं. नवखा रायडर घाबरून हँडल आवळतो, आणि डुलणं वाढतं. हँडल सैल धरा, गुडघ्यांनी टाकी दाबा, ब्रेक लावू नका. काही वळणांआधी भरधाव गाड्यांना चाप लावायला डांबराचे आडवे उंचवटे असतात, त्यांवर गाडी सरळ असतानाच जा. पुलांचे लोखंडी सांधे आणि गटारांवरच्या लोखंडी जाळ्या ओल्या असल्या की साबण. सावलीतल्या वळणात शेवाळ. आंधळ्या वळणावरच्या केशरी कडांच्या बहिर्गोल आरशांत नजर टाकाच, पण तिथलं वाहन दिसतं त्यापेक्षा जवळ असतं हे लक्षात ठेवा.

गटाची शिस्त सोपी. लीड रायडर लेनच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. याला तिकडे 'चिदोरी' म्हणतात. चिदोरी हा पाण्याकाठी तुरुतुरु पळणारा लहान पक्षी, आणि दारू पिऊन झोकांड्या खाणाऱ्याच्या चालीलाही जपानीत याच पक्ष्याचं नाव आहे. वळणांत मात्र ही रचना सोडून एकामागे एक. लाल उलट्या त्रिकोणाच्या 'तोमारे', म्हणजे 'थांबा', पाटीपाशी प्रत्येक गाडीने स्वतंत्रपणे चाक पूर्ण थांबवायचं. पुढचा थांबला होता म्हणून मागच्याला सूट नाही. रेल्वे फाटकाचंही तेच, फाटक उघडं असलं तरी. त्यामुळे आठ गाड्यांची रांग प्रत्येक चौकात तुटते. तुटू द्या. गाईड पुढे डावीकडे थांबतो, आणि शेवटच्या गाडीमागे सामानाची व्हॅन असते. पडलेलं अंतर भरून काढायला वेग वाढवणं ही गटातली सगळ्यात मूर्ख चूक.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मला या दिवसात सगळ्यात वैताग इथेच आला. डोंगरातले पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, रविवारी पुष्कळ उघडतच नाहीत. म्हणून टाकी अर्धी असली तरी गाईड थांबला की सगळ्यांनी भरायचं. लाल नळी साधं पेट्रोल, पिवळी हाय-ऑक्टेन, हिरवी डिझेल. हिरवी ही डिझेलची, हे दहादा घोका. "रेग्युरा, मानतान" म्हटलं की साधं पेट्रोल, टाकी फुल्ल. आता वैताग. भाड्याच्या गाड्यांत होंडा एनसी७५०एक्स बऱ्याच असतात. तिची टाकी सीटखाली आहे आणि झाकण मागच्या सीटखाली. ज्यांनी मागच्या सीटवर बॅग बांधली होती, त्यांना दर पंपावर चार बंजी सोडून पुन्हा बांधाव्या लागत होत्या. दोन गाड्यांचे वीस मिनिटांचे थांबे अशा बांधाबांधीने झाले. उपाय साधा आहे: नेहमीच्या टाकीच्या जागी हेल्मेट मावेल एवढा कप्पा आहे, रेनकोट तिथे, बाकी सगळं व्हॅनमध्ये. टूर चालवणाऱ्यांनी हे पहिल्या सकाळी सांगायला हवं होतं.

आणि हे सगळं होण्याआधीचा कागद: आंतरराष्ट्रीय परवाना. आरटीओत फॉर्म ४ए भरून मिळतो, एक वर्ष चालतो, आणि १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचा असल्याने जपानमध्ये ग्राह्य आहे. पण हातात पडताच 'ए' वर्गावर शिक्का आहे का ते बघा. 'ए' म्हणजे मोटरसायकल. फक्त 'बी'वर शिक्का असेल तर कार मिळेल, बाईक मिळणार नाही, आणि हे तिथल्या काउंटरवर कळणं म्हणजे सगळी टूर व्हॅनमधून.

पुढचा थांबा दाइकानबो, ९३६ मीटरवर, आसोच्या कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या अवाढव्य खळग्याच्या, उत्तर काठावर. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. आसोचं हे खोरं उत्तर-दक्षिण सुमारे २५ आणि पूर्व-पश्चिम १८ किलोमीटर, आणि त्याच्या तळाशी भातशेती, गावं, रेल्वेमार्ग. समोरची पाच शिखरं आडव्या झोपलेल्या बुद्धासारखी दिसतात. रविवार असल्याने पार्किंग खच्चून भरलेलं, जर्सी दुधाच्या आइस्क्रीमला लांब रांग. गर्दी आवडत नसेल तर इथे सकाळी आठच्या आत या, किंवा पुढे मिल्क रोडवर निघून जा. दूध वाहून नेण्यासाठीचा हा रस्ता काठाकाठाने जातो, दोन्ही बाजूंना चंदेरी गवत. हे कुरण आपोआप टिकलेलं नाही. दर वर्षी हिवाळा सरताना लोक ते मुद्दाम जाळतात, नाहीतर झुडपं माजतात. समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक बाईकर डावा हात वर करतो, कारण उजवा थ्रॉटलवर. तुम्हीही करा, फक्त वळणात नको.

पश्चिमेला उतरलं की नवा आसो पूल, ५२५ मीटर. एप्रिल २०१६च्या भूकंपात दरड कोसळून जुना पूल नाहीसा झाला, हा ७ मार्च २०२१ रोजी उघडला. पुलावर थांबायला मनाई आहे, बघण्याची जागा बाजूला आहे.

आणि मग नाकादाके, त्या पाच शिखरांतला जागा ज्वालामुखी. विवराच्या काठापर्यंत गाडी जाते, पण ज्वालामुखीची इशारा पातळी सगळ्यात खालची, १, असेल आणि वारा गंधकाचा वायू दुसरीकडे नेत असेल तरच. दम्याच्या रुग्णांना तर एरवीही वर सोडत नाहीत. आम्ही पोहोचलो तेव्हा टोलच्या रस्त्याचं फाटक बंद होतं. गाईडने घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, पन्नास मिनिटं थांबता येईल. हे वाक्य फक्त १८० किलोमीटरच्या दिवशी शक्य असतं. शेजारी दुसरा एक गट होता, त्यांना अजून १४० किलोमीटर जायचं होतं. ते दहा मिनिटांत वळले.

पस्तीस मिनिटांनी फाटक उघडलं. वर काँक्रीटचे निवारे आहेत, छप्पर जाड, तोंड विवराकडे पाठ करून. १९५८च्या स्फोटात इथे १२ माणसं गेली. वाफ बाजूला सरली की तळाशी हिरवट-निळं पाणी दिसतं, उकळीला आलेल्या दुधासारखं कडेने थरथरतं. घशाला गंधक झोंबतो, ओला रुमाल नाकाशी धरला की बरं वाटतं. हेल्मेट हातात घेऊन आठ जण कठड्याला टेकून उभे होते आणि कोणी फोटोसाठीसुद्धा बोलत नव्हतं. अठराव्या मिनिटाला वारा फिरला, भोंग्यावरून सूचना झाली, सगळ्यांना खाली जायला सांगितलं.

फाटकाबाहेर आलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. कुरोकावा ४० किलोमीटरवर. पाच वाजेपर्यंत बूट काढून स्नानाच्या रांगेत होतो, गळ्यात देवदाराच्या लाकडाची चकती, तीन वेगवेगळ्या खाणावळींच्या कुंडांत उतरण्याचा परवाना. पुढचे ताकाचिहो, फेरीबोटीने शिमाबारा, उन्झेन, नागासाकी हे दिवसही चांगले गेले. पण हातमोज्यांना गंधकाचा वास नागासाकीपर्यंत होता.