'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' बघायच्या आधी टीव्हीची सेटिंग बदला

2018 ची ही मालिका दहा भागांची आहे आणि यातली निम्मी भुतं कॅमेरा तुम्हाला दाखवतच नाही. क्रेन कुटुंबातली माणसं पुढे बोलत असतात आणि मागे अंधारात, दाराआड किंवा जिन्याखाली एखादा चेहरा नुसता उभा असतो. ना संगीत, ना दचका. म्हणून आधी टीव्हीचं 'मोशन स्मूदिंग' (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा आणि पिक्चर मोड 'सिनेमा'वर ठेवा. 'व्हिव्हिड' या भडक रंगांच्या मोडमध्ये अंधार सपाट काळा होतो, चेहरे त्यात बुडून जातात. खोलीतले दिवेही मालवा, कारण पडद्यावर ट्यूबलाइट चमकली की काळा रंग करडा दिसतो. नेट मंद असेल तर सावल्यांत चौकोनी ठिपके पडतात. मोबाइलवर बघणं तर नकोच.

पहिले पाच भाग पाच भावंडांचे, एकेकाचा एक. क्रम मोडू नका. एकच रात्र वेगवेगळ्या डोळ्यांतून परत येते आणि पाचव्या भागात, भावंडांतल्या नेलच्या वाट्याला, त्या रात्रीचा अर्थ लागतो. सहावा मात्र एका बैठकीत, मध्ये न थांबता बघा. तो मोजक्या पाच लांबलचक शॉट्सवर उभा आहे, पॉज केलात की ताण तुटलाच. एवढं नेमकं, जिवाला लागणारं काम टीव्हीवर क्वचितच दिसतं.