बर्फ ठेवायचा कुठे?

२०१५ च्या बॉस्टनच्या हिवाळ्याचा विषय निघाला की समोरच्याला वाटतं आता हा थंडीचं रामायण लावणार. थंडी होतीच, फेब्रुवारीत बहुतेक दिवस पारा शून्याच्या वर यायला तयार नव्हता, पण थंडीचं काय, दोन मोजे, तीन स्वेटर, निभतं. आमचा प्रश्न वेगळाच होता. एवढा बर्फ काढला, तो टाकायचा कुठे?

त्यात गंमत अशी की जानेवारीचे तीन आठवडे संपले तरी म्हणावा तसा स्नो झालाच नव्हता. मी हौसेने घेतलेलं बर्फ काढायचं नवीन शॉवेल पोर्चमध्ये स्टिकरसकट उभं, आणि बायको येताजाता त्याच्याकडे असं बघायची की पैसे वाया गेले हे तोंडाने म्हणायची गरजच नाही. मग २६ जानेवारीला जो सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दिवसभर, दोन फुटांच्या वर. आणि त्यानंतर पाळी लावल्यासारखं, वीकेंड संपत आला की पुढचं वादळ हजर. मधल्या आठवड्यात तिथल्या पेट्रियट्स टीमने सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, जिंकला तर त्यांची मिरवणूकसुद्धा बर्फामुळे एक दिवस पुढे ढकलावी लागली, आणि त्या शहरात मिरवणूक पुढे ढकलणं म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यालाच कळेल.

आम्ही बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात ट्रिपल डेकरमध्ये राहायचो, म्हणजे एकावर एक तीन घरं, आम्ही मधल्या मजल्यावर आणि खाली घरमालक, वय पंचाहत्तरच्या पुढे. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायचो (इंग्लिशमध्ये तू की तुम्ही हा प्रश्न येत नाही ते एक बरं). गाडी रस्त्यावर. आता पहिल्यांदा पडलेला बर्फ एकदम हलका असतो, त्या थंडीत तर शॉवेलवरून फुंकर मारली तरी उडेल असा, त्यामुळे पहिल्या दिवशी मी एखाद्या सिनेमात असल्यासारखा गाणं गुणगुणत काढला. गाडी मोकळी केली, हात झटकले, आणि तेवढ्यात प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी, आला आणि रस्त्याच्या मधला सगळा चेचलेला, मीठ कालवलेला माल गाडीच्या कडेला लावून निघून गेला. तो हलका नसतो. तो ओल्या वाळूसारखा असतो आणि तासाभरात दगड होतो.

परत रस्त्यावर टाकता येत नाही, दंड आहे. शेजाऱ्याच्या बाजूला टाकता येत नाही, शेजारी आहे. उरली फुटपाथच्या कडेची पट्टी आणि घरासमोरचं रुमालाएवढं अंगण. तिसऱ्या वादळापर्यंत तो ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला, म्हणजे आता शॉवेल भरून वर भिरकावायचं आणि त्यातला अर्धा घरंगळत येऊन मानेवरून थेट शर्टात जाणार. शेवटी आम्ही रिसायकलिंगचा निळा डबा भरभरून, दोरीने ओढत, घराच्या बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात नेऊन ओतायला लागलो. दोन शिकलीसवरलेली माणसं रात्री दहा वाजता डब्यातून बर्फ वाहतायत. आजोबा खिडकीतून बघत होते. म्हणाले, अठ्ठ्याहत्तर साली आम्ही असंच केलं होतं, पण तेव्हा एकच वादळ होतं.

अठ्ठ्याहत्तर हा त्यांचा हक्काचा विषय. ६ आणि ७ फेब्रुवारी १९७८, २७ इंच, रूट १२८ या बॉस्टनभोवतीच्या हायवेवर तीन हजारांच्या वर गाड्या जागच्या जागी अडकल्या, लोक गाड्या सोडून चालत निघाले. हे मी चार हिवाळे ऐकत होतो. पण त्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून ते अठ्ठ्याहत्तरबद्दल बोलेनासे झाले.

खुर्चीचं शिक्षण त्यांनीच दिलं. बॉस्टनमध्ये तुम्ही उकरून काढलेली पार्किंगची जागा शहराची स्नो इमर्जन्सी उठल्यावर ४८ तास तुमची, निशाणी म्हणून तिथे काहीतरी ठेवायचं. कोण ट्रॅफिकचा कोन ठेवतं, कोण इस्त्रीचं टेबल, एकाने तर चक्क व्हॅक्यूम क्लीनर ठेवलेला. मला हे अगदीच कसंतरी वाटलं, सार्वजनिक रस्ता आहे, आपण काय मालक लागून गेलो का. तीन तास उकरून केलेली जागा तशीच सोडून मी ऑफिसला गेलो, संध्याकाळी आलो तर तिथे कोणाची तरी लाल गाडी. माझी सगळी नागरी तत्त्वं त्या एका क्षणात गळाली. आजोबा काही न बोलता तळघरात गेले आणि ॲल्युमिनियमची घडीची खुर्ची घेऊन आले, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, समुद्रकिनाऱ्यावर नेतात तसली. पुढच्या वादळात ती खुर्चीच गाडली गेली. म्हणजे आता जागा शोधण्याआधी खुर्ची शोधायची.

मग छत. वरचा बर्फ घराच्या उष्णतेने वितळायचा, पाणी उतरत कडेला आलं की तिथे थंडीने परत गोठायचं, त्याचा बांध तयार, मागून येणारं पाणी अडून कौलांखालून घरात. वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या पलंगावर बादली आली. यावर आजोबांचा उपाय असा की बायकांच्या लांब स्टॉकिंगमध्ये कॅल्शियम क्लोराईडचे खडे भरायचे आणि ते लांबडं प्रकरण त्या बांधावर आडवं टाकायचं, म्हणजे त्याच्याखाली चर पडून पाणी वाहून जातं. साधं मीठ एवढ्या थंडीत ढिम्म काम करत नाही. दुकानात स्टॉकिंगचे तीन जोड काउंटरवर ठेवताना मी उगाचच "छतासाठी" असं म्हणालो. ती बाई म्हणाली, सगळे हेच सांगतात.

१० फेब्रुवारीला तर ट्रेनच पूर्ण दिवस बंद होत्या. लोक खिडक्यांमधून खालच्या ढिगात उड्या मारायला लागले आणि महापौर मार्टी वॉल्श यांना जाहीरपणे सांगावं लागलं की बाबांनो हे बंद करा. मी मारली नाही. बायको म्हणते विचार चालला होता.

एकट्या फेब्रुवारीत ६४.८ इंच बर्फ. मार्चमध्ये मात्र लोकांचं वेगळंच सुरू झालं, आता एवढं सोसलंय तर १९९५-९६ च्या हिवाळ्याचा १०७.६ इंचांचा रेकॉर्ड तरी मोडू दे, उगाच दुसरा नंबर नको. १५ मार्चला मोडला. आजोबांनी खालून छताला काठी ठोकून कळवलं. शेवटचा आकडा ११०.६, नऊ फुटांच्या वर.

आणि टाकायचा कुठे, तर समुद्र बाजूलाच असून उपयोग नाही, त्या बर्फात मीठ, ऑईल, कचरा सगळं असतं. म्हणून रात्री लोडर यायचे, ट्रक भरायचे आणि शहरातल्या मोकळ्या जागांवर नेऊन रिकामे करायचे. बंदराजवळच्या सीपोर्ट भागात असाच एक डोंगर उभा राहिला, तो १४ जुलैला संपला. जुलै! जूनमध्ये आम्ही आजोबांना घेऊन तो बघायला गेलो होतो, रणरणतं ऊन, आणि समोर काळपट मातीचा, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेला ढिगारा, बर्फ म्हणून कुठेच दिसेना. मी म्हटलं, यात आपल्या दारातलाही असेल ना? आजोबांनी टोपी वर करून नीट बघितलं आणि म्हणाले, डावीकडचा तुझा, पॅकिंग खराब आहे.

मी सँडलच्या टाचेने जरा खरवडून बघितलं. दोन बोटं आत पांढरा, स्वच्छ, कडक. टाच गारठली आणि मोजा ओला झाला.