शेवंती, घुंगरं आणि पेकानचं झाड

सप्टेंबर लागला की इकडे टेक्ससमध्ये किराणा दुकानांच्या दाराशी शेवंतीच्या कुंड्या येऊन बसतात. पिवळ्या, तांबूस, गर्द जांभळ्या. यंदा आई वाईहून आमच्याकडे आली होती. कुंड्या दिसल्या तशी ती गाडी ढकलायची थांबली.
"अगं, ही तर आपली शेवंती! इथं काय म्हणतात हिला?"
"मम," मी म्हटलं. क्रिसॅन्थेममचं तोंडात बसलेलं छोटं नाव.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात ह्या एका शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं. लेक यंदा बारावीला, म्हणजे सीनियर, आणि होमकमिंगचा शुक्रवार होता २६ सप्टेंबर २०२५. नवरात्रातली पाचवी माळ.

होमकमिंग म्हणजे शाळेतून बाहेर पडलेल्यांनी परत यायचा आठवडा. अमेरिकन फुटबॉलचा घरच्या मैदानावरचा सामना, परेड, राजा-राणीची निवड, शनिवारी नाच. ही प्रथा कुणी सुरू केली यावर इथं बरेच दावे आहेत. मिझुरी विद्यापीठ १९११ सांगतं, पण आमचे टेक्ससवाले वेकोच्या बेलर विद्यापीठाचं नाव घेतात, कारण तिथं १९०९ मध्येच जुन्या विद्यार्थ्यांना बोलावणं गेलं होतं. आईला मी एवढंच सांगितलं की गावच्या जत्रेला मुंबई-पुण्याची माणसं येतात ना, तसं. तिला लगेच कळलं.

पण मम हा प्रकार खास टेक्ससचा. पूर्वी मुलगा मुलीला खरं शेवंतीचं फूल द्यायचा, त्याला दोन-चार रिबिनी, आणि ते फ्रॉकला टाचायचं. आता फूल कापडी आणि ताटाएवढं, खाली गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, त्यांच्यात विणलेल्या वेण्या, घंटा, छोटं अस्वल, चमचमते दिवे, नावाची अक्षरं. वजन इतकं की टाचणी पेलत नाही, गळ्यात अडकवावं लागतं. मुलांसाठी ह्याचंच धाकटं रूप दंडावर बांधायला. आमच्या शाळेत खालच्या वर्गांचे मम शाळेच्या रंगात आणि सीनियरचा पांढरा-चंदेरी. विकत घ्यायचा तर शेकडो डॉलर जातात. आम्ही घरी करायचं ठरवलं, आणि ते आईमुळे जमलं.

आईनं आयुष्यभर सणासुदीला शेवंतीच्या वेण्या केल्या आहेत. रिबिनींच्या वेण्यांचे व्हिडिओ लेकीनं तिला दाखवले, तर तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "बंद कर ते, आण इकडे." चार पदरी वेणी तिनं माझ्या डोळ्यांसमोर दहा मिनिटांत उतरवली. चंदेरी रिबीन साटिनची, निसटते, म्हणून दर दोन वितींवर तिनं बारीक टाका घातला. लेक गरम गोंदाची बंदूक घेऊन शेजारी. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीचं मराठी अडखळत चालतं, पण "आजी, घट्ट" आणि "थांब, सैल सोड" एवढ्यावर त्यांचं भागत होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत राहायचे.

त्या शुक्रवारी सकाळी मुलांना सोडायला गेले तेव्हा शाळेच्या दाराशी खिडकीची काच खाली केली. आतून आवाज येत होता, शेकडो घंटांचा. पोळ्याला बैल वेशीतून येताना येतो तसा. यंदा तो जास्त ऐकू आला असेल, कारण टेक्ससमध्ये ह्या वर्षीपासून शाळेच्या वेळात फोन बंद आहेत. जूनमध्ये कायदा झाला, ऑगस्टमध्ये शाळा उघडली तशी आमच्याकडे बंदी आली. लेक सुरुवातीला फार चिडली होती. आता सांगते की जेवणाच्या सुट्टीत पोरं पत्ते खेळतात, आणि चार वर्षं एकाच वर्गात असून कधी न बोललेल्या दोघी आता तिच्या टेबलावर बसतात. मला हा बदल मनापासून आवडला.

दुसरा बदल मात्र जड गेला.

शाळेची जुनी व्यायामशाळा आणि बँडचा हॉल पाडून नवी इमारत होते आहे. त्यासाठीच्या कर्जरोख्यांवर मतदान झालं तेव्हा मी स्वतः होकाराचं मत दिलं होतं. मतपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ही मालमत्ता करातली वाढ आहे. तरी दिलं, कारण त्या हॉलचं छत गळायचं आणि मुलं बादल्या ठेवून वाजवायची. आजही तेच मत देईन. पण नवी इमारत जिथं उठणार त्या पार्किंगची जागा माझ्या लेकीच्या शाळेतल्या चार वर्षांची जागा होती, हे मतपत्रिका हातात असताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ती मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. त्या डांबरावर फुटबॉलच्या मैदानासारख्या रेषा आखलेल्या होत्या, आणि ऑगस्टच्या उन्हात मुलं तिथं पावलं मोजत चालायची. कडेला एक पेकानचं झाड, अक्रोडाच्या कुळातलं. मुलांचे पाण्याचे मोठे जग त्याच्या सावलीत रांगेनं. नववीत पहिल्या आठवड्यात तिला तिथंच चक्कर आली होती, आणि बारावीच्या एका मुलीनं झाडाखाली बसवून मानेवर ओला रुमाल ठेवला होता. ती मुलगी पुढची दोन्ही वर्षं होमकमिंगला येऊन हिला भेटून गेली.

शिवाय सीनियर झालं की त्या पार्किंगमधली आपली जागा आपण रंगवायची, ही इथली रीत. हिनं दहावीतच वहीत चित्र काढून ठेवलं होतं. रंगाचे डबे जुलैमध्ये आणले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेचा निरोप आला की ती जागा कंत्राटदाराकडे गेली, यंदा रंगवणं नाही. त्याच आठवड्यात झाड तोडलं. आधी सांगितलं असतं तर मुलं निदान शेवटचं बघून आली असती. मी शाळेला तसं लिहिलं. उत्तर सभ्य आलं, झाड परत येणार नव्हतं.

लेक दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. मग मुलांनीच जाऊन मागणी केली, आणि बांधकामाभोवती लावलेल्या प्लायवूडच्या कुंपणावर सीनियरना एकेक चौकोन मिळाला, चार फूट बाय चार फूट. हिनं वहीतलं चित्र सोडलं आणि ते झाड काढलं, खाली पाण्याच्या जगांची रांग.

सामना आम्ही हरलो. मध्यंतरात बँड छान वाजला. गणवेशावर मम चालत नाही, म्हणून तो आईच्या मांडीवर होता. टाळ्या वाजवताना घंटा वाजू नयेत म्हणून ती एका हातानं रिबिनी धरून बसली होती. आमच्या पुढच्या रांगेत केस पिकलेले दोघं नवरा-बायको होते, ह्याच शाळेचे. जुनी व्यायामशाळा कुठं गेली, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी कुंपणाकडे बोट केलं. सामना संपल्यावर ते दोघं तिथं चौकोन बघत हळूहळू चालताना दिसले, झाडाशी थांबले. त्या बाईंनी चित्रातल्या बुंध्यावर हात ठेवला.

घरी येताना लेकीनं विचारलं, इमारत पूर्ण झाल्यावर त्या फळ्यांचं काय करतात? मी म्हटलं, टाकून देत असतील. थोडा वेळ गाडीत कुणी बोललं नाही. मग मागून ती म्हणाली, "मी सरांना सांगून ठेवते. पुढच्या होमकमिंगला येईन, तेव्हा घेऊन जाईन."

आईनं मला विचारलं, काय म्हणाली गं ती? मी सांगितलं. आईनं मांडीवरचा मम उचलून मागे तिच्या हातात दिला.