रेनेसाँ फेअरला जाताय? आधी तिकीट-खिडकीबद्दल ऐका

तिकिटावर ‘प्रवेश सकाळी १० ते ११’ असं छापलेलं असेल, तर घरून निघायची वेळ फेअरच्या वेबसाइटवर विसंबून ठरवू नका. वेबसाइट म्हणते, पाऊण तास हाताशी ठेवा. हे ज्यानं लिहिलंय तो बहुतेक घोड्यावरून येत असावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शहराबाहेरच्या माळावर ही जत्रा भरते. सोळाव्या शतकातलं इंग्लंडमधलं एक गावच उभं करतात. लाकडी घरं, लोहाराची भट्टी, काच फुंकणारे कारागीर, राजा-राणी, भाले रोखून घोड्यावरून एकमेकांवर धावून जाणारे सरदार. बघायला येणारेही बरेचसे वेश करूनच येतात. सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. १९६३ साली फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्यानं लॉस एंजेलिसमध्ये पहिली जत्रा भरवली, ती केपीएफके या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राला पैसे मिळावेत म्हणून. आता हा चांगला जोरात चालणारा धंदा आहे. आम्ही गेलो त्या जत्रेचं नाव लिहीत नाही. अजून रागात आहे, नाव घेतलं तर तोंडून जास्त जाईल.

वेशाबद्दल आमच्या मंडळाच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. मावळा होऊन जा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण इथला राजा आठवा हेन्री. तो १५४७ मध्ये वारला आणि महाराजांचा जन्म १६३० चा. नवऱ्याला असल्या गोष्टी खटकतात. त्यानं शोधून काढलं की हेन्री गादीवर बसला १५०९ मध्ये आणि पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं गोवा घेतला १५१० मध्ये, म्हणजे आपण गोव्याहून आलेले मसाल्याचे व्यापारी. पांढरा झब्बा, कमरेला उपरणं आणि त्यात वेलदोड्यांची पुरचुंडी. झाला व्यापारी! सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी नेहमीची इरकल नेसली आणि दिवसभर सगळ्यांत जास्त मुजरे त्यांनाच मिळाले.

आता खिडकी.

साडेआठला निघालो. एरवी तासाभराचा रस्ता. शेवटचे तीन-चार मैल मात्र येणारी एक नि जाणारी एक अशी दोनच लेनची सडक, दोन्ही बाजूंना शेतं आणि पुढे नजर पोचेल तिथवर गाड्या. लोकांनी गाड्यांतून उतरून पाय मोकळे करायला सुरुवात केली होती. एक चेटकीण कुंपणाला टेकून सँडविच खात होती. दहा वाजता लांबून तोफेचा आवाज आला, म्हणजे दार उघडलं. आम्ही तिथेच. पार्किंगच्या शेतात गाडी लावून दारापाशी पोचलो तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते.

दारावर पिसाची टोपी घातलेला एक पोरगा. त्यानं कोड स्कॅन केला, यंत्र लाल झालं. “अरेरे, माय लेडी! आपली घटिका सरली,” असं काहीसं जुन्या इंग्रजीत म्हणून त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला आणि डावीकडची तिकीट-खिडकी दाखवली. तिथे आमच्यासारखेच सगळे. सावली नाही, दोरी बांधून केलेली नागमोडी रांग आणि तीन खिडक्यांपैकी एकच उघडी.

रांग हलत का नव्हती ते जवळ गेल्यावर कळलं. खिडकीतला माणूस प्रत्येकाशी नाटकातलं बोलत होता. ‘प्रवास सुखाचा झाला ना?’ ‘कुठल्या दूरदेशीहून येणं झालं?’ एरवी मला हे आवडलं असतं, पैसे त्याचेच दिले होते. पण डोक्यावर ऊन, लेकीला शू लागलेली, आणि हा गृहस्थ पुढच्या बाईंना विचारतोय की आपला घोडा कुठे बांधलात! आमचा नंबर लागला तेव्हा मी सरळ सांगितलं की रस्ता तुंबला होता, तासाहून जास्त वेळ तिथेच गेला. त्यानं छातीवर हात ठेवून हळहळ व्यक्त केली आणि ऑर्डर नंबर मागितला. आमच्याकडे कोडचा फोटो होता, कारण त्यांच्याच मेलमध्ये ‘फक्त कोड आणा’ असं लिहिलं होतं. नाही चालणार म्हणाला, नंबर मूळ मेलमध्ये असतो. मेल उघडायला नेटवर्क हवं, आणि एवढ्या गर्दीत त्या माळावर फोनला दांडी नावाला नव्हती. मग इथेच वायफाय आहे का? तर उत्तर आलं, “वायफाय? हे कुठलं मंत्रतंत्र, माय लेडी?”

खरं सांगते, त्या क्षणी मला कळलं की तिथे तलवारी दारावरच का बांधून घेतात. (हा नियम खरा आहे. पातं म्यानात हवं आणि मूठ म्यानाला पट्टीनं बांधलेली. आत विकत घेतली तरी उपसून मिरवायची नाही.)

नवरा नेटवर्क शोधत पार्किंगच्या टोकाला गेला. मी रांगेतच उभी राहिले, कारण जागा सोडली की पुन्हा शेवटी. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते. तेवढ्यात मागचा एक धिप्पाड माणूस, अंगावर लोकरीचं कातडं, हातात शिंग, दाढीला मणी ओवलेले, त्यानं पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, उघडून आईंपुढे ठेवलं आणि साध्या अमेरिकन इंग्रजीत म्हणाला, दरवर्षी हेच होतं, म्हणून मी स्टूल आणतो. आई बसल्या. मला म्हणाल्या, “अगं, ह्याला विचार, एवढ्या उन्हात लोकर कशाला घातलीय.” त्यांनी त्याला पर्समधली आवळासुपारी दिली. त्यानं खाल्ली. चेहरा बघण्यासारखा झाला, पण थुंकली नाही.

नंबर मिळाला. खिडकीवाल्यानं तो पाहिला, आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि सांगितलं की वेळ बदलायचं काम इथे होत नाही, पलीकडच्या झोपडीत होतं! पलीकडच्या झोपडीत गळ्यात शिट्टी आणि अंगावर साधा टी-शर्ट अशी एक बाई होती. तिनं ऑर्डर नंबर विचारलासुद्धा नाही. “रस्ता ना?” एवढंच म्हणून चौघांच्या मनगटांवर शिक्के मारले. अर्ध्या मिनिटाचं काम. म्हणून लाल दिवा लागला की खिडकीकडे वळूच नका. नेहमीच्या कपड्यातलं माणूस कुठे दिसतं ते शोधा आणि त्याच्याकडे जा. आणि तिकीट काढतानाच सगळ्यात पहिली वेळ घेऊन आमच्याहून बरंच आधी निघा, किंवा दुपारनंतरची घ्या. मधल्या वेळा म्हणजे त्या रस्त्यावर मुक्काम.

आत गेल्यावर सगळं ठीक, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. लेकीनं पाठीला परीचे पंख लावून घेतले. भाल्यांचा सामना मात्र चुकवू नका आणि बाकांवर अर्धा तास आधी जाऊन बसा. भाल्याचं टोक हलक्या लाकडाचं असतं, म्हणून ते मोडतं आणि माणूस वाचतो. खऱ्या हेन्रीचं नशीब तसं नव्हतं. १५३६ च्या जानेवारीत ग्रीनिचला तो घोड्यासकट कोसळला आणि त्यानंतर हा खेळ त्यानं सोडला. आईंचं लक्ष सरदारांकडे नव्हतंच. “फेस आलाय बघ तोंडाला. पाणी दाखवा म्हणावं त्याला आधी.” त्यांच्या माहेरी घोडी होती.

खाण्याचं बघून ठेवा. बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत, थालीपीठं गाडीतच राहिली. टर्कीची तंगडी आतून गुलाबी दिसते ती कच्ची म्हणून नव्हे, खारवून धुरी दिलेली असते म्हणून. एक तंगडी दोघांना पुरते. शाकाहाऱ्यांना भाजलेला बटाटा, मक्याचं कणीस आणि पावाच्या वाटीतलं ब्रोकोलीचं सूप. सुपात कोंबडीचं पाणी आहे का ते विचारून घ्या, आमच्या वेळी होतं. गंमत अशी की टर्की हेन्रीच्या हयातीतच इंग्लंडात पोचली होती, बटाटा मात्र तो गेल्यानंतर आला. नवऱ्यानं हे बटाटेवालीला सांगितलं. तिनं त्याला लोणी जास्त घातलं.

आणि हो, ग्रुपवर कुणीच सांगितलं नव्हतं. तमाशे, म्हणजे खेळ, फुकट असतात, पण शेवटी टोपी फिरते आणि कलाकारांची बरीचशी कमाई तीच असते. पाच-पाचच्या नोटा घरून आणा, आतल्या एटीएमसमोर पुन्हा रांग. बूट जुने घाला. शेवटच्या सामन्यानंतर सगळे एकदम सुटतात आणि तो एकच रस्ता, हे तुम्हाला आता माहीत आहेच. आम्ही गाडीतच थालीपीठं उघडली आणि पार्किंगमधली गर्दी ओसरेपर्यंत खात बसलो. लोणचं न्यायला हवं होतं, असं आई म्हणाल्या.