टीसीचा अर्ज

आमच्याकडं दिवाळी सरली की गावं रिकामी व्हायला लागतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला ट्रॅक्टर भरून निघतात. खाली संसार, वर माणसं. मागं म्हातारी राहतात आणि शाळेची काही पोरं. कॉलेजात याची पहिली खूण हजेरीपटावर दिसते, दुसरी टीसीच्या अर्जांत.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राज्यशास्त्र शिकवतो. नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून विभागातल्या मुलांच्या क्रेडिटचा, म्हणजे पेपर पास झाला की जमा होणाऱ्या एककांचा, हिशोब ठेवायचं कामही माझ्याकडंच आहे. 2025 ची दिवाळी नुकतीच झाली होती. टेबलावर टीसीचे चार अर्ज सहीसाठी पडले होते. दोनांवर सही केली. तिसऱ्यावर नाव वाचलं आणि पेन खाली ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'.

ही पोरगी मला पहिल्या वर्षाच्या प्रवेशापासून लक्षात होती. तेव्हा तिनं विचारलं होतं, "सर, आपल्याकडं क्रिमिनल जस्टिसमध्ये मेजर घेता येतं का?" मोबाइलवर तिनं अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाची माहिती पाहिली होती. तिकडं पदवी चार वर्षांची, साधारण 120 क्रेडिटची. राज्यशास्त्र आणि फौजदारी न्याय हे तिथं दोन वेगळे मेजर, म्हणजे मुख्य विषय, असतात. एकात राज्यघटना, शासनसंस्था, आंतरराष्ट्रीय संबंध. दुसऱ्यात पोलीस, कोर्ट आणि तुरुंग. तिला व्हायचं होतं पीएसआय. मी तिला सांगितलं होतं, पोलीस शिपायाला बारावी चालते, पीएसआयच्या परीक्षेला पदवी लागते, पण ती कुठल्याही शाखेची चालते. वकील व्हायचं मनात आलं तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहेच. राज्यशास्त्र घेतलंस तर घटना पक्की होईल. तिनं ते घेतलं. नवीन फौजदारी कायदे 1 जुलै 2024 ला लागू झाले तेव्हा ही पोरं नुकतीच कॉलेजात येत होती. सगळ्यांना खुनाचं कलम 302 तोंडपाठ. ही एकटी वहीत भारतीय न्याय संहितेचं 103 लिहायची.

शिपायाला सांगून तिला आत बोलावलं. सोबत वडील होते. ते दारातच उभे राहिले. खुर्ची पुढं केली तरी बसेनात.

"सर, सही तेवढी करा. ट्रॅक्टर फाट्यावर थांबलाय."

"दादा, पण टीसी कामून काढायलात?"

"उचल घेतलीय मुकादमाची. हिच्या आईची गर्भाची पिशवी काढलीय, तिला मोळी उचलत नाही आता. एकट्याचा कोयता होत नाही सर."

एवढं बोलून ते जमिनीकडं बघत राहिले. उचल म्हणजे तोडीआधी टोळीच्या मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. कोयता म्हणजे इथं दोन माणसं, एक तोडणारा, एक मोळ्या बांधून वाहणारी. आईच्या जागी आता लेक. यावर मी काय बोलणार होतो? उचल फेडायला माझ्याजवळ पैसे नव्हते, आणि शिक्षणाचं महत्त्व या माणसाला समजावणं म्हणजे त्याचा अपमान झाला असता. पोरीला एवढ्यापर्यंत त्यानंच शिकवलं होतं.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. तिच्या क्रेडिटचा हिशोब काढला.

मला ज्याचा राग येतो ती गोष्ट इथं सांगतो. प्रवेशाच्या वेळी आम्ही पोरांना एक तक्ता देतो. त्यावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरं ओळीनं असतात. पोरं त्याची घडी घालून दप्तरात ठेवतात आणि विसरतात. पदवीला काय काय लागतं हे पोरांना कुणी बसवून सांगत नाही. मीही या पोरीला सांगितलं नव्हतं. दीड वर्ष ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होती.

तो तक्ता मी टेबलावर पसरला आणि वडिलांना म्हणालो, "दादा, दोन मिनिटं इकडं बघा." आमच्या रचनेत एका सेमिस्टरला 22 क्रेडिट, वर्षाला 44, तीन वर्षांची पदवी 132 ची. चौथं वर्ष केलं तर 176 आणि ऑनर्स. तुमच्या लेकीचा एक दोन क्रेडिटचा पेपर राहिलाय, म्हणजे पहिल्या वर्षाचे 42 तिच्या खात्यावर जमा आहेत. खातं म्हणजे खरंच खातं, बँकेसारखं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नाव त्याचं. मोबाइलवर उघडून दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"हे पैसे हायेत का?"

"पैसे नाहीत. पण सात वर्षं बुडत नाहीत."

बाकीचंही सांगितलं. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र मिळतं, पण त्याला 44 पूर्ण लागतात आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स. हिच्याजवळ ते नाही. आज टीसी घेतली तर हातात नुसती गुणपत्रकं राहतील. क्रेडिट मरणार नाहीत, पण नाव कमी झालं की परत येताना प्रवेश नव्यानं घ्यावा लागेल, आणि एकदा गेलेली पोरगी परत येते का, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. नाव राहू द्या. परीक्षेपुरती तिला पाठवा. एखादा पेपर हुकला तर तो पुढं देता येतो. हजेरीची अडचण होईल, ती खोटं बोलून लपवणार नाही. प्राचार्यांशी मी बोलेन.

पोरगी इतका वेळ गप्प होती. ती तक्त्यावर वाकून तिसऱ्या सेमिस्टरची ओळ वाचत होती. तिथं 'एफपी, दोन क्रेडिट' असं होतं.

"सर, हे काय असतं?"

"फील्ड प्रोजेक्ट. साठ तासांचं काम. एखादा प्रश्न घ्यायचा, लोकांत जायचं, विचारायचं, लिहून काढायचं."

ती वडिलांकडं बघत म्हणाली, "मागच्या विधानसभेला माझं पहिलं मतदान होतं. आजीला धरून केंद्रावर नेलं मी. मम्मी-पप्पांची नावं यादीत होती आणि माणसं कर्नाटकात फडात. आमच्या वाडीतल्या कितीजणांचं तसंच झालं. त्यावर करता येईल का?"

20 नोव्हेंबर 2024. त्या मतदानावर मी वर्गात दोन तास बोललो होतो. आघाड्या, जागा, टक्केवारी, सगळं फळ्यावर मांडलं होतं. यादीत नाव असून फडात असलेल्या माणसाबद्दल एक वाक्य बोललो नव्हतो. प्रौढ मताधिकार शिकवताना कलम 326 मी दरवर्षी सांगतो. ते कलम तिच्या वाडीत कुठं अडतं, हे मला तिनं सांगितलं.

"करता येईल," मी म्हणालो. "रेशनचंही विचार. गावचं कार्ड तिकडं चालतं का, आणि चालत असेल तर किती जणांना ते माहीत आहे. कोप्यांवर जा, झोपडी-झोपडीत एकेकाला विचार, वहीत तारीख टाकून लिही."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्यापुढचा टीसीचा अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. फाडला नाही. "तो बेचाळीसचा आकडा एका कागदावर लिहून द्या," म्हणाले. मी लिहून दिला, खाली सही केली. तोही त्याच खिशात गेला.

ती त्याच दुपारी गेली. फाट्यावरून ट्रॅक्टर निघाल्याचं मला शिपायानं सांगितलं. संध्याकाळी मी राहिलेला चौथा अर्ज पाहिला. त्या पोराला फोन लावून दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावलं. ज्या दोनांवर सकाळी सही केली होती, त्यांचे फोन लागले नाहीत. त्यांची नावं मी डायरीत लिहून ठेवली आहेत.

आठ-दहा दिवसांनी रात्री साडेनऊला तिचा फोन आला. मागं बैल आणि भांड्यांचा आवाज येत होता.

"सर, दिवसभर फडात असते. हे साठ तास म्हणजे रात्री कोपीवर आल्यावरचे धरले तर चालतील का?"

"धर," मी म्हणालो. "सगळे धर."