“तुमची ही कितवी?”

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मावशींनी पेन हातातच धरून विचारले, “डॉक्टर, बेंबीतल्या एकाच छेदातून पित्ताशय काढायचे म्हणता, पण अशी तुमची ही कितवी?” मी म्हणालो, “पहिली.” त्यांचा मुलगा चमकला, म्हणून बाकीचेही सांगितले: चार छिद्रांची नेहमीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया मी अनेक वर्षे करत आहे, या पद्धतीत मुरलेले एक ज्येष्ठ सर्जन पूर्ण वेळ समोर उभे राहतील, व्रण बेंबीत लपेल, मात्र तेथे पुढे हर्निया होण्याची शक्यता थोडी अधिक असते. मावशींनी सही केली.

एथिक्स कमिटीला मी एक अट लिहून दिली होती. पंचवीस मिनिटांत ‘क्रिटिकल व्ह्यू’ मिळाला नाही, तर जादा पोर्ट, म्हणजे साधने आत घालण्यासाठी पोटावर आणखी छिद्रे पाडून बसवायच्या नळ्या, घालायचे. सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला हा निकष असा, की कॅलॉटच्या त्रिकोणातील (पित्ताशयाची नलिका, मुख्य पित्तनलिका आणि यकृत यांच्यामधल्या जागेतील) चरबी आणि तंतू साफ करून, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवून, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना (त्याची नलिका आणि धमनी) स्पष्ट दिसल्याशिवाय त्या बंद करणारी क्लिप लावायची नाही. दुर्बिणीची पद्धत झपाट्याने पसरली त्या सुरुवातीच्या वर्षांत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढले होते, त्या अनुभवातून आलेले हे शहाणपण आहे.

वेळ पाहण्याचे काम सिस्टरांकडे होते. एकाच छेदातून गेलेले कॅमेरा आणि दोन्ही साधनांचे दांडे एकमेकांवर आपटत होते. मी हात हलवला की पडद्यावरचे चित्रही हलत होते. पित्ताशयाची मान सुजेने चिकटली होती. समोर एक नलिका दिसत होती, पण तिची मागची बाजू काही केल्या मोकळी होईना.

“अजून पाचच मिनिटे,” मी म्हणालो.

“सर, पंचवीस झाली.”

ज्येष्ठ काहीच बोलले नाहीत. (बोलले असते तर मी बहुधा वाद घातला असता.) मी दोन पोर्ट मागितले. पित्ताशय वरून नीट ताणून धरल्यावर काही वेळातच मागची बाजू उघडी झाली, आणि जिला मी पित्ताशयाची नलिका समजत होतो ती ताणामुळे वर ओढली गेलेली मुख्य पित्तनलिका निघाली. खरी नलिका तिच्या बाजूला, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची होती. मी क्लिपचे साधन अजून हातात घेतलेले नव्हते, तरी तळवे घामेजले.

त्या रात्री कमिटीच्या नोंदवहीत पहिल्याच ओळीत ‘पोर्ट वाढवले’ असे लिहून मी चित्रफीत जोडली. सकाळी राउंडला गेलो, तेव्हा मावशी पोटावरच्या पट्ट्या मोजत होत्या. “एक म्हणाला होतात, तीन आहेत,” त्या म्हणाल्या. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांना पहिल्यापासून सारे सांगितले.