जळगावचं ऊन आणि रेकॉर्ड्स
आज सोल-फंकच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) रेकॉर्ड्सचा गठ्ठा पुसायला काढला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड आडव्या रचू नका. उष्णता आणि वजन मिळून त्या वाकतात, सुई वरखाली होते. उभ्याच ठेवा, तापणाऱ्या भिंतीपासून लांब. पुसायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, हात खाचांच्या दिशेनेच गोल फिरवा. बोअरचं पाणी नकोच! क्षार खाचेत बसतात नि कडकड वाजतं. लाखेच्या ७८ ला (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डला) स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते.

जमैकन ४५ चं (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डचं) मधलं भोक बहुतेकदा ३८ मिलिमीटरचं, ते भरायला अडॅप्टर लागतोच. पण रेगेच्या (जमैकाच्या संगीताच्या) रेकॉर्डची मागची बाजू नक्की लावा. पुष्कळदा तिथे गाणाऱ्याचा आवाज काढून बेस आणि ड्रम पुढे आणलेले असतात. काय बेस असतो तो!